घड्याळातले आकडे आणि पुढच्या आठवड्याची धाव : हाफ मॅरेथॉनच्या तयारीत डेटा कसा वाचावा

ऑक्टोबर सरून पहाटे जरा गारवा सुटला की महाराष्ट्रातल्या जवळजवळ प्रत्येक धावपटूचा पेस (एक किलोमीटरला लागणारी मिनिटं) सुधारतो. ऑक्टोबरात हृदयाच्या मिनिटाला १५० ठोक्यांवर पावणेसातने धावणारा नोव्हेंबरअखेर त्याच ठोक्यांवर साडेसहाच्या खाली येतो. ॲप हिरवा बाण दाखवतं आणि श्रेय मिळतं नव्या प्लॅनला, नव्या बुटांना नाहीतर बीटच्या रसाला. खरं तर त्यातला मोठा वाटा हवेचा असतो. जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनची तयारी पावसात सुरू होते, ऑक्टोबरच्या उकाड्यातून जाते आणि थंडीत संपते. तीन ऋतू एकाच आलेखावर उमटतात, त्यामुळे हवा बाजूला काढल्याशिवाय आपण सुधारलो की फक्त गारवा वाढला हे कळत नाही.

पुढची पद्धत आठवड्यात चार-पाच दिवस धावणाऱ्या, हाफ मॅरेथॉन (२१.१ किमी) दोन तासांच्या आसपास करणाऱ्या माणसाला धरून मांडली आहे. लागतं काय? जीपीएसचं घड्याळ, जमल्यास ठोके मोजणारा छातीचा स्ट्रॅप आणि गूगल शीट किंवा साधी वही.

प्रश्न तीनच

घड्याळ पन्नास आकडे देतं. आपल्या कामाचे प्रश्न मात्र तीन : पुढच्या आठवड्यात किती वाढवू? दम वाढतोय का? शर्यतीला कोणता पेस धरू? या तिन्हींपैकी एकालाही उपयोगी नसलेला आकडा पहिल्या वर्षी बघूच नका. पाय जमिनीला किती मिलिसेकंद टेकला, शरीर किती सेंटिमीटर वरखाली झालं, हे वाचायला मजा येते, पण त्यावरून मंगळवारी काय करायचं ते ठरत नाही. घड्याळाचा व्हीओटू मॅक्ससुद्धा (शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं तो आकडा) मोजलेला नसतो. पेस आणि ठोके यांवरून बांधलेला तो अंदाज असतो, म्हणून उकाड्यात तो पडतो आणि थंडीत चढतो. सेटिंगमध्ये कमाल ठोके चुकीचे भरले असतील तर तो बाराही महिने चुकतो.

आधी डेटा निवडून घ्या

भात टाकण्यापूर्वी तांदळातले खडे काढतो, तसंच इथेही. सगळ्यांत जास्त खडे असतात मनगटावरच्या ठोक्यांत. हिरव्या दिव्याचा सेन्सर पट्टा सैल असला, हात घामाने निथळत असला किंवा इंटरव्हल (जोरात धाव, मग विश्रांती, असे आलटून पालटून तुकडे) सुरू असले की चुकतो. एक चूक फसवी आहे : सेन्सर नाडीऐवजी पावलांचा ताल पकडतो. इझी रनच्या (आरामात धावण्याच्या) पहिल्या दोन मिनिटांतच ठोके १७० वर जाऊन सपाट राहिले आणि केडन्सही (मिनिटाला पावलं) १७० च असला, तर ते ठोके तुमचे नव्हेत, पावलं आहेत. अशी धाव ठोक्यांच्या हिशेबातून वगळा, अंतर आणि वेळ तेवढी ठेवा. पट्टा मनगटाच्या हाडापासून दोन बोटं वर घट्ट बांधला की ही चूक कमी होते. स्ट्रॅप वापरत असाल तर निघण्यापूर्वी त्याचे इलेक्ट्रोड पाण्याने ओले करा. कोरड्या थंडीत पहिली दहा मिनिटं ठोके उगाच उड्या मारतात ते बहुतेक याच कारणाने.

जीपीएस दाट इमारतींमध्ये, फ्लायओव्हरखाली आणि गर्द झाडीत भरकटतो. त्या क्षणीचा पेस डोळ्यांसमोर नाचत असतो त्याच्याकडे दुर्लक्ष करून लॅपचा, म्हणजे एका टप्प्याचा सरासरी, पेस लावा. ट्रॅकवर तर अंतर घड्याळाला विचारूच नका, फेऱ्या मोजा. पहिली लेन ४०० मीटरची, दुसरी ४०७ आणि आठवी ४५३ मीटरची. गर्दी म्हणून चौथ्या लेनमध्ये धावून निकाल ‘४०० मीटर’ म्हणून लिहिला की इंटरव्हलचा सगळा हिशेब बिघडतो.

तिसरा खडा ऑटो पॉजचा. सिग्नलला, पाणी प्यायला थांबलात की घड्याळही थांबतं आणि सरासरी पेस देखणा होतो. शर्यतीत कोणी घड्याळ थांबवत नाही. ऑटो पॉज बंद ठेवा आणि शीटमध्ये एकूण गेलेला वेळच लिहा.

वहीतले रकाने

ॲपमध्ये सगळं आपोआप साठतं, मग हाताने कशाला लिहायचं? कारण सगळ्यांत उपयोगी रकाने ॲप स्वतःहून भरत नाही. प्रत्येक धावेला एक ओळ : तारीख, मार्ग, अंतर, एकूण वेळ, सरासरी ठोके, ठोके स्ट्रॅपचे की मनगटाचे, कष्टाचा आकडा, निघतानाचं तापमान आणि दवबिंदू, आदल्या रात्रीची झोप, दुखणं आणि चार शब्दांची टीप.

तापमानापेक्षा दवबिंदू (हवेतल्या बाष्पाचं दव व्हायला लागतं ते तापमान) महत्त्वाचा, कारण घाम वाळतो की नुसता निथळतो हे त्यावर ठरतं. तो हवामानाच्या बहुतेक ॲपमध्ये सापडतो. पावसाळ्यात मुंबईत दवबिंदू २४-२५ अंशांवर असतो, तेव्हा २६ अंशांची पहाटही अंगावर येते. पुण्यात किंवा नाशकात डिसेंबरच्या पहाटे धावणारा आणि ऑगस्टात मुंबईत धावणारा यांच्या पेसची तुलना करण्यात अर्थ नाही. तो एकच माणूस असला तरीही.

टीप खरी लिहा. ‘नवरात्राचा उपवास, रात्री गरबा, झोप साडेचार तास’ एवढं लिहिलं असलं तर दोन महिन्यांनी त्या दिवशीचे चढे ठोके बघून घाबरायला होत नाही. स्त्री धावपटूंनी पाळीच्या चक्राचा कितवा दिवस तेही लिहावं. चक्राच्या उत्तरार्धात विश्रांतीचे ठोके दोन-चारने वर असणं नेहमीचंच आहे. हा रकाना नसला तर दर महिन्याला थकव्याचा खोटा इशारा मिळतो.

पहिला प्रश्न : किती वाढवू?

इथे सगळ्यांत भरवशाचा आकडा फुकट मिळतो. धाव संपल्यावर अर्ध्या तासाने स्वतःला विचारा, ‘एकूण किती कष्ट पडले?’ शून्य म्हणजे आराम, दहा म्हणजे जीव निघाला. लगेच विचारू नका, शेवटची चढण डोक्यात असते. या आकड्याला धावेच्या मिनिटांनी गुणलं की त्या दिवसाचा भार मिळतो.

एक आठवडा बघू. मंगळवारी ४५ मिनिटं इझी, कष्ट ३, भार १३५. बुधवारी ६० मिनिटांचे इंटरव्हल, कष्ट ७, भार ४२०. गुरुवारी ४० मिनिटं, कष्ट ३, भार १२०. शनिवारी ३० मिनिटं, कष्ट २, भार ६०. रविवारी ११० मिनिटांचा लाँग रन, कष्ट ५, भार ५५०. सोमवार आणि शुक्रवार सुट्टी. बेरीज १२८५.

आता बेरजेइतकीच महत्त्वाची दुसरी गोष्ट : चढउतार. सातही दिवसांच्या भाराची सरासरी काढा (सुट्टीचे शून्यही धरून) आणि तिला त्याच सात आकड्यांच्या प्रमाण विचलनाने, म्हणजे आकडे सरासरीपासून किती विखुरले आहेत त्या मापाने, भागा. शीटमध्ये दोन्हींची तयार सूत्रं आहेत. वरच्या आठवड्यात सरासरी १८४, विचलन २१६, भागाकार ०.८५. याउलट कोणी सहा दिवस रोज ४५ मिनिटं, रोज ५ कष्टाने धावला तर बेरीज १३५०, म्हणजे जवळपास तेवढीच, पण भागाकार २.२७. हा एकसुरीपणाचा आकडा आहे. २ च्या वर गेला की सर्दी-खोकला, पोटऱ्या जड होणं, झोप उडणं याची वाट बघायची. आपल्याकडच्या ग्रुपमध्ये हा दोष फार आढळतो. इझीच्या दिवशीही पुढच्याला गाठायचं म्हणून जरा जोरात, आणि मग इंटरव्हलच्या दिवशी पायात दम नाही म्हणून जरा हळू. सगळे दिवस मधल्या रंगाचे.

वाढ ठरवताना चालू आठवड्याचा भार गेल्या चार आठवड्यांच्या सरासरीशी ताडून बघा. आधीचे तीन आठवडे १०००, ११००, १०५० आणि हा १२८५, तर सरासरी ११०९ आणि गुणोत्तर १.१६. ०.८ ते १.३ चा पट्टा बराच लोकप्रिय आहे, पण त्याला भविष्यवाणी समजू नका. १.२९ ला सुरक्षित आणि १.३१ ला दुखापत असं काही शरीर मोजत नाही. संशोधकांमध्येही या गुणोत्तरावर बरेच आक्षेप आहेत. फार तर ‘जरा दमानं’ म्हणणारा शेजारी समजा. त्यापेक्षा एक साधी तपासणी जास्त कामाची : आजची धाव गेल्या ३० दिवसांतल्या सर्वांत लांब धावेपेक्षा किती लांब आहे? १२ किमीच्या वर महिनाभर न गेलेल्या माणसाने मित्राबरोबर एकदम १८ केले, तर आठवड्याचा भार कितीही नीटनेटका दिसो, धोका त्या एका धावेत आहे. दहा टक्क्यांच्या आत राहिलेलं बरं, म्हणजे १२ नंतर १३.

दुखण्याचा रकानाही याच प्रश्नाचा. स्नायू भरून आले तर ते दोन दिवसांत उतरतात. नडगीच्या हाडावर एका बोटाने नेमकं दाखवता येईल असं दुखणं असेल, उडी मारल्यावर तिथेच कळ येत असेल, तर सगळे आकडे बाजूला ठेवून धावणं थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा. डेटा त्यावर काही सांगू शकत नाही.

दुसरा प्रश्न : दम वाढतोय का?

एका ठोक्यात आपण किती मीटर जातो, हा यासाठीचा माझ्या मते सर्वांत समजायला सोपा आकडा. साडेसहाचा पेस म्हणजे मिनिटाला १५३.८ मीटर. ठोके १४२ असतील तर ठोक्यामागे १.०८ मीटर. दम वाढला की हा आकडा वाढतो.

लाँग रनमध्ये तो दोनदा काढा, पहिल्या अर्ध्यात आणि दुसऱ्या अर्ध्यात. सुरुवातीची दहा मिनिटं वॉर्म-अप म्हणून सोडून द्या. समजा पहिल्या अर्ध्यात वरचेच आकडे आहेत आणि दुसऱ्या अर्ध्यात पेस ६:३६, ठोके १५१. मिनिटाला १५१.५ मीटर, ठोक्यामागे १.००. घट ७.४ टक्के. पाच टक्क्यांच्या आत घट म्हणजे त्या अंतराला दम पुरतोय, अंतर किंवा वेग यांपैकी एक वाढवता येईल. सात-आठच्या वर सतत दिसत असेल तर एकतर सुरुवात जोरात होतेय किंवा पाणी-मीठ कमी पडतंय. नाहीतर ऊन चढतंय. साडेसहाला निघून आठ वाजता संपवलेल्या रविवारी घट दिसणारच, तेव्हा आधी पावणेपाचला निघून बघा आणि मगच दमाला दोष द्या.

ही तुलना सपाट रस्त्यावरच चालते. साताऱ्याच्या हिल हाफची तयारी करणाऱ्यांनी यवतेश्वराच्या घाटात ठोक्यामागे मीटर काढू नयेत, चढताना आणि उतरताना ते दोन वेगळ्या माणसांचे वाटतील. घाटासाठी तीच चढण, तेच ठोके आणि माथ्यापर्यंत लागलेला वेळ एवढंच नोंदवा. उताराचं मोजमाप दुसऱ्या दिवशी मांड्या करतात. ते दुखण्याच्या रकान्यात जाईल.

दर तीन-चार आठवड्यांनी एक ठरावीक चाचणी ठेवा : तोच सपाट ५ किमीचा मार्ग, तीच वेळ, तेच बूट, आदल्या दिवशी इझी किंवा सुट्टी, आणि ठोके १४५ वर धरून धावायचं. लागलेला वेळ हा निकाल. पण पहिल्यांदा दहा-बारा दिवसांत ही चाचणी तीनदा करा. समजा वेळा आल्या ३३:१०, ३३:४० आणि ३२:५५. एवढ्या दिवसांत दम काही बदलला नाही, म्हणजे हा फरक झोपेचा, हवेचा आणि घड्याळाचा. प्रमाण विचलन आलं २३ सेकंद. यावरून पुढच्या दोन चाचण्यांमध्ये साधारण मिनिटाच्या आतला फरक म्हणजे निव्वळ गोंगाट, असं धरायचं. हे एकदा करून ठेवलं की पंधरा सेकंदांनी हरखून जाणं आणि वीस सेकंदांनी प्लॅन फेकून देणं, दोन्ही थांबतं.

आणि हवा? चाचणीच्या ओळीत दवबिंदू आहेच. दवबिंदूत तीन-चार अंशांहून जास्त फरक असलेल्या दोन चाचण्या एकमेकींशी ताडू नका. ऑक्टोबरची चाचणी ऑक्टोबरातल्याच दुसऱ्या चाचणीशी, डिसेंबरची डिसेंबरच्या. दुसऱ्या वर्षी खरी मजा येते, कारण मग गेल्या ऑक्टोबरशी या ऑक्टोबरची तुलना करता येते.

ठोक्यांचे पट्टे आणि ट्रॅकवरची सकाळ

‘२२० वजा वय’ या सूत्राने पट्टे बांधू नका. ते सरासरीचं सूत्र आहे आणि एकेका माणसाच्या बाबतीत दहा-बारा ठोके इकडेतिकडे सहज होतं. चाळिशीतल्या दोघांचे कमाल ठोके १७० आणि १९० असू शकतात. दोघांनाही ‘१४४ वर धाव’ सांगितलं तर एक धापा टाकेल आणि दुसरा फिरायला निघाल्यासारखा जाईल.

त्याऐवजी एकट्याने, सपाट रस्त्यावर, ३० मिनिटं जमेल तितक्या जोरात पण एकसारखं धावा. दहा मिनिटं झाली की लॅपचं बटण दाबा. शेवटच्या २० मिनिटांचे सरासरी ठोके हा तुमचा थ्रेशोल्ड, म्हणजे बराच वेळ टिकवता येईल अशा जोराची वरची मर्यादा. तो १६८ आला तर इझी रन त्याच्या ८९ टक्क्यांच्या आत, म्हणजे १४९ च्या खाली. यात बहुतेक जण एकच चूक करतात, पहिली पाच मिनिटं उसळून जातात. मग शेवटी वेग पडतो आणि निकाल काही कामाचा राहत नाही. आठवडाभराने पुन्हा करा.

ज्यांना ट्रॅक मिळतो त्यांना यापेक्षा चांगला आकडा काढता येतो. चांगला वॉर्म-अप करून पहिल्या लेनमध्ये नऊ फेऱ्या पूर्ण जोराने, म्हणजे ३६०० मीटर. मग ३० मिनिटं चालणं आणि हलकं जॉगिंग. मग तीन फेऱ्या, १२०० मीटर, पुन्हा पूर्ण जोराने. समजा नऊ फेऱ्यांना १८:३० लागली आणि तीन फेऱ्यांना ५:५०. अंतरांतला फरक २४०० मीटर, वेळेतला ७६० सेकंद. भागाकार सेकंदाला ३.१६ मीटर, म्हणजे ५:१७ चा पेस. हा तुमचा क्रिटिकल स्पीड. याच्यापेक्षा जोरात गेलात की गाडी उधारीवर चालते आणि ती उधारी काही मिनिटांतच संपते. १००० मीटरचे इंटरव्हल याच पेसच्या आसपास ठेवा आणि टेम्पो (एकसारख्या जोराची लांब धाव) त्यापेक्षा दहा-पंधरा सेकंद हळू. महिना-दीड महिन्याने चाचणी पुन्हा करा. शर्यतीच्या आधीचे तीन आठवडे मात्र नको, तेव्हा चाचणीतून शिकण्यापेक्षा थकायलाच जास्त होतं.

निर्णय आधी लिहून ठेवा

रविवारी संध्याकाळी वीस मिनिटं द्या. आकडे बघण्यापूर्वी, कोणता आकडा आला तर काय बदलायचं हे शीटच्या वरच्या ओळींत लिहिलेलं हवं. नाहीतर आपण मनात आधीच ठरवलेल्या गोष्टीला पुरावे शोधत बसतो. बहुतेकांना पुरतील असे नियम :

सकाळी उठल्या उठल्या मोजलेले ठोके नेहमीच्या सात दिवसांच्या सरासरीपेक्षा पाचने वर, सलग दोन दिवस, आणि पायही जड : त्या दिवशीचा इंटरव्हल रद्द, इझी ३० मिनिटं किंवा सुट्टी. एकच दिवस वर असेल तर काही बदलायचं नाही.

एकसुरीपणा २ च्या वर : एकूण भार तोच ठेवायचा, पण दोन इझी दिवस आणखी इझी करायचे.

इझीच्या पेसला कष्टाचा आकडा ३ वरून ५ वर गेला, ठोके तेच : अजून आठवडाभर वाढ नाही. ठोक्यांच्या आधी शरीर बोलतं, अशा वेळी त्याचं ऐकायचं.

लाँग रनमधली घट दोन आठवडे पाच टक्क्यांच्या आत : पुढच्या रविवारी १०-१५ मिनिटं वाढ, किंवा शेवटचे ३ किमी शर्यतीच्या पेसने. दोन्ही एकदम नाही.

एका आठवड्यात एकच गोष्ट बदला. बूट, आहार, अंतर आणि इंटरव्हल सगळं एकत्र बदललं की सुधारणा झाली तरी कशामुळे झाली ते कळत नाही. रात्रीची एचआरव्ही (दोन ठोक्यांमधल्या वेळेतला चढउतार) मोजणाऱ्यांनी फक्त सात दिवसांची सरासरी बघावी. एका रात्रीचा आकडा उशिरा जेवलेल्या बिर्याणीनेही पडतो.

शर्यतीचा पेस

पाच-सहा आठवडे आधी १० किमीची शर्यत पूर्ण जोराने धावा. तिच्या वेळेला अंतरांच्या गुणोत्तराच्या १.०६ घाताने गुणलं की हाफचा अंदाज मिळतो. १० वरून हाफला जाताना हा गुणक २.२०६ येतो. ५५ मिनिटांच्या १० किमीवरून २ तास १ मिनिट २१ सेकंद. हा अंदाज लाँग रन पुरेसे झालेल्यांसाठी आहे. सर्वांत लांब धाव १४ किमीवर अडकली असेल तर त्यात तीन-चार मिनिटं घाला. याच सूत्राने फुल मॅरेथॉनचा अंदाज काढू नका. आठवड्याला ४० किमी धावणाऱ्याला तो जवळजवळ नेहमीच आशा लावून फसवतो.

पेस कसा विभागायचा हे मार्गावर ठरतं. पेडर रोडसारख्या चढावर पेस धरून ठेवण्याचा हट्ट केला की ठोके थ्रेशोल्डच्या वर जातात आणि पुढच्या सपाटीवर त्याची वसुली होते. चढावर ठोके थ्रेशोल्डच्या आत ठेवा, पेस पडू द्या. पहिले तीन किमी ठरलेल्या पेसपेक्षा पाच-दहा सेकंद हळू.

शेवटची एक आकडेमोड बहुतेकांची राहून जाते. शर्यतीचं अंतर सर्वांत आखूड रेषेने मोजलेलं असतं. आपण वळणांवर बाहेरून जातो, गर्दीत नागमोडी धावतो, त्यात जीपीएसची भर. अंतिम रेषेवर घड्याळ २१.१ ऐवजी २१.३ ते २१.४ दाखवतं. दोन तासांसाठी कागदावरचा पेस ५:४१, पण घड्याळात २१.३५ किमी भरणार असतील तर तिथे ५:३७ दिसायला हवा. चार सेकंदांचा हा फरक घरीच वजा करून ठेवा, ऑटो लॅप (घड्याळाने आपोआप टप्पा मोजणं) बंद करा आणि प्रत्येक किलोमीटरच्या फलकापाशी लॅपचं बटण हाताने दाबा. घाम आलेल्या बोटांना टच स्क्रीन दाद देत नाही, म्हणून ते बटण कोणत्या बाजूला आहे हे आधीच्या रविवारीच अंगवळणी पाडा.